दाण्याचे कूट, खरकटा चमचा आणि ‘पित्त’: शेंगदाण्याच्या ॲलर्जीसह पुण्यात राहताना

धागाकर्ती, सिंहगड रस्ता

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका आईने गेल्या आठवड्यात मला जिन्यात थांबवले. तिच्या दीड वर्षाच्या मुलीला हेच निदान झाले आहे आणि घरात नेमके काय बदलायचे हे तिला समजून घ्यायचे होते. दहा मिनिटांत जे सांगता आले ते फारच अपुरे होते, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या घरी अन्नाची ॲलर्जी आहे, किंवा ज्यांना वास, धूर, रंग, प्रसाधने यांचा त्रास होतो, त्यांनीही आपले अनुभव जरूर लिहावेत.

चिक्की किंवा दाण्याचा लाडू टाळणे सोपे आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो. काकडीची कोशिंबीर, भरल्या वांग्यांचे सारण, गवारीची भाजी, वडापावची सुकी चटणी, मिसळीवरचे फरसाण यांत शेंगदाणा असतो आणि तरीही वाढणारी व्यक्ती ‘यात दाणे नाहीत’ असे अगदी मनापासून सांगते. तिच्या लेखी कूट ही मीठ-मसाल्यासारखी बाब असते, तिची वेगळी गणती होत नाही. म्हणून मी ‘दाणे आहेत का’ असे विचारणे सोडून दिले. कूट घातले आहे का, तेल कोणते आहे, आणि याच कढईत किंवा मिक्सरच्या याच भांड्यात आधी काय केले होते, हे तीन प्रश्न मी वेगवेगळे विचारते.

मुलगा अडीच वर्षांचा असताना आषाढी एकादशीला आम्ही नातेवाइकांकडे गेलो होतो. चिक्कीचा तुकडा खाऊन त्याच्या अंगावर एकदा पुरळ आले होते, त्यामुळे त्याला साबुदाण्याची खिचडी देऊ नये एवढे आम्हाला कळत होते. त्याला उपवासाची बटाट्याची भाजी दिली. तीत कूट नव्हते, मात्र ती वाढली गेली खिचडीच्या डावाने. दहा मिनिटांत त्याच्या पोटावर आणि मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले. घरातल्या मोठ्यांनी पाहताक्षणी सांगितले, की पित्त उठले आहे, आमसुलाचे पाणी लावा. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, आणि त्या वेळी मलाही ते पटले. आम्ही आमसुले भिजत घातली. ती भिजेपर्यंत त्याला उलटी झाली, खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला आणि तो माझ्या खांद्यावर मलूल होऊन पडला. जवळच्या रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि काही मिनिटांत त्याने डोळे उघडून पाणी मागितले. रात्रभर त्याला निरीक्षणाखाली ठेवले होते, कारण अशी प्रतिक्रिया ओसरल्यानंतर काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

त्या दिवसापासून ‘अंगावर पित्त उठले’ या आपल्या शब्दप्रयोगाकडे मी फार सावधपणे पाहते. मराठीत आम्लपित्तालाही पित्तच म्हणतात आणि त्वचेवरच्या गांधींनाही पित्तच म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचे मन आपोआप पोटाकडे, जागरणाकडे आणि उन्हाकडे जाते. नुसत्या गांधी उठल्या आणि मूल खेळत असले तर आमसुलाने नुकसान होत नाही. पण खाल्ल्यानंतर लगेच गांधींसोबत उलटी, खोकला, घरघर, आवाजातला बदल किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर ते पित्त नाही, आणि तिथे एकेक मिनिट मोलाचे असते. सोसायटीतल्या त्या ताईंना मी सर्वांत आधी हेच सांगितले.

आता घराबद्दल. माझ्या सासूबाईंना ‘ॲलर्जी’ हा शब्द कितीही वेळा सांगून पोहोचत नव्हता. इतक्याशा कणाने काय होणार, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. एके दिवशी मी त्यांना म्हटले, “आई, कूट लागलेला चमचा त्याच्यासाठी खरकटा आहे असे समजा.” त्यांनी हातातला चमचा तिथेच मोरीत ठेवला आणि दुसरा घेतला. त्यानंतर आजतागायत मला त्यांना एकदाही आठवण करून द्यावी लागलेली नाही. खरकटा हात लोणच्याच्या बरणीत घालायचा नाही, खरकट्या हाताने पाण्याच्या माठाला शिवायचे नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. न दिसणारा अंश एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातो, हे आपल्या आज्या-पणज्यांना प्रथिनाचे नाव ठाऊक नसतानाही पक्के माहीत होते. ॲलर्जी समजावण्यासाठी वेगळ्या परिभाषेची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघराचीच भाषा पुरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्याकडे आता शेंगदाणा येतच नाही. तेल करडईचे किंवा सूर्यफुलाचे वापरतो. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, परंतु लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकते, आणि पुण्यात आता गल्लोगल्ली घाणे झाल्यामुळे नातेवाईक कौतुकाने तेच वापरतात. कुटाऐवजी भाजलेले सुके खोबरे, तीळ किंवा भोपळ्याच्या बिया चालतात (आमच्या मुलाची तिळाची तपासणी झाली आहे, तुम्हीही करून घ्यावी). डाळे घेताना मात्र मी फार काळजी घेते, कारण भडभुंज्याकडे फुटाणे, डाळे, चुरमुरे आणि शेंगदाणे एकाच भट्टीत, एकाच वाळूत भाजलेले असू शकतात.

प्रतिसाद: शिक्षिका, सहकारनगर

धागा अत्यंत उपयुक्त आहे. शाळेच्या बाजूने एक गोष्ट सांगते. करोनानंतर आमच्या वर्गात मुले डबा खाण्यापूर्वी आणि नंतर सॅनिटायझर लावतात व हात स्वच्छ झाले असे समजतात. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते. ते साबण आणि पाण्यानेच निघते. वर्गात अशी एक मुलगी आल्यापासून मधल्या सुट्टीनंतर सर्व मुले साबणाने हात धुतात आणि बाके ओल्या साबणाच्या फडक्याने पुसली जातात. डब्यांची देवाणघेवाण थांबवताना मला वाईट वाटले होते, कारण वाटून खाणे आपणच मुलांना शिकवतो. आता तिच्या मैत्रिणी फळे आणतात आणि तीच वाटून खातात.

प्रतिसाद: निवृत्त, नारायण पेठ

ताई, आपला अनुभव वाचून मन कळवळले. तरीही एक शंका विचारतो, कृपया राग मानू नये. आमच्या लहानपणी घरात पोत्याने शेंगा असत आणि कुणाला असे काही झाल्याचे आठवत नाही. थोडे थोडे देऊन सवय लावली तर शरीर स्वीकारणार नाही का? आपण मुलांना फार जपतो आहोत, असे तर नाही?

प्रतिसाद: बालरोगतज्ज्ञ, कोथरूड

काकांच्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. २०१५ साली लीप या नावाने ओळखला जाणारा ब्रिटनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे जास्त धोका असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांपैकी काहींना नियमितपणे शेंगदाण्याचे पदार्थ दिले आणि काहींना पाच वर्षांपर्यंत अजिबात दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांच्यात शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा लवकर सुरुवात करणे हितकारक असते, हे काकांचे म्हणणे ॲलर्जी होण्याआधीच्या काळाला लागू पडते. अर्थात बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पेजेत किंवा वरण-भातात कालवून द्यावे, आणि तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

ॲलर्जी एकदा झाल्यावर मात्र तोच उपाय घरी करणे जिवावर बेतू शकते. सूक्ष्म मात्रेपासून वाढवत नेण्याची उपचारपद्धती आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजलेल्या मात्रेत आणि तातडीच्या औषधांची सोय हाताशी ठेवूनच केली जाते. आजीने कौतुकाने बोटावर चाटवलेले कूट म्हणजे तो उपचार नव्हे.

तपासण्यांविषयीही लिहितो, कारण इथे लोकांचा पैसा आणि मुलांचे पोषण दोन्ही वाया जाताना मी पाहतो. त्वचेवर टोचून केली जाणारी तपासणी किंवा रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) सकारात्मक आली, तर शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे एवढेच सिद्ध होते. तो पदार्थ खाऊन प्रत्यक्ष त्रास होतो की नाही, हे पूर्वेतिहासावरून आणि गरज पडल्यास रुग्णालयात तो पदार्थ खाऊ घालून ठरवावे लागते. त्वचेच्या तपासणीपूर्वी ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्या किती दिवस हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. याखेरीज दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी विकली जाते. आयजीजी हे वेगळ्या प्रकारचे प्रतिपिंड, आणि ते बहुधा आपण तो पदार्थ खातो याचीच खूण असते. तो अहवाल पाहून दूध, गहू, भात, डाळी सारे एकदम बंद केलेली आणि वजन घटलेली मुले माझ्याकडे येतात, तेव्हा मला फार दुःख होते.

ॲड्रेनॅलिनबद्दल सांगायचे, तर मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते. मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३ आणि प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. परदेशात मिळणारे पेनसारखे तयार इंजेक्शन आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांत सहज मिळत नाही, त्यामुळे बहुतेक कुटुंबांना अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज वापरावी लागते. आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी, साध्या पाण्याने सिरिंज भरण्याचा सराव करावा आणि अँप्यूल ऊन व उष्णतेपासून दूर ठेवावी. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ती विसरू नये. सेटिरिझिनसारख्या गोळीने खाज थांबते, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. इंजेक्शन दिल्यावर मुलाला उभे न करता आडवे ठेवावे, धाप लागत असेल तर बसते ठेवावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रतिसाद: निवृत्त, नारायण पेठ

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. माझा गैरसमज दूर झाला. आमच्या नातीला सहावा महिना लागला आहे. तिच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलेन.

प्रतिसाद: संशोधक, औंध

मूळ लेखातील ‘खरकटे’ ही मांडणी मला फार मोलाची वाटते. हीच गोष्ट काही घरांत ‘सोवळे’ म्हणून समजावली जाते, तिला मात्र माझा आक्षेप आहे. सोवळ्या-ओवळ्याने या समाजात माणसांना दूर ठेवले आहे. ॲलर्जी असलेल्या मुलाचे ताट ‘सोवळ्याचे’ म्हणून बाजूला मांडले, की तो इतिहास त्या ताटाला चिकटतो. खरकट्याचा संबंध अन्नाशी आहे, माणसाच्या जन्माशी नाही.

धागाकर्ती

आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्या घरीही सुरुवातीला एका आत्याने तो शब्द वापरला होता आणि मुलाने विचारले होते, की मला वेगळे का बसवले आहे. तेव्हापासून वेगळे असते ते फक्त वाढण्याचे साहित्य. पंगतीत तो सगळ्यांच्या मध्ये बसतो.

प्रतिसाद: संगणक अभियंता, हिंजवडी

अन्नाबरोबर वासाचाही उल्लेख झाला म्हणून लिहिण्याचे धाडस करते. मला दमा आहे. कार्यालयातील स्वयंचलित रूम फ्रेशनर दर काही मिनिटांनी फवारा सोडत असे आणि माझी छाती भरून येत असे. ‘सुगंधाचाही त्रास होतो का कुणाला?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की पुढे पुढे मी मास्क लावून गप्प बसू लागले. श्वसनविकारतज्ज्ञांनी मला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या आणि त्यामुळे माझी घुसमट बरीच कमी झाली. अत्तर, फिनेल, उदबत्तीचा आणि मच्छर अगरबत्तीचा धूर यांनी माझ्या आधीच संवेदनशील झालेल्या श्वासनलिका चिडतात. ही ॲलर्जी नव्हे, पण त्रास तितकाच खरा, आणि फुंकण्याच्या यंत्रावर तो मोजता येतो. अनेक रसायनांच्या अगदी सूक्ष्म वासाने डोकेदुखी, थकवा, गोंधळल्यासारखे होणे असा व्यापक त्रास ज्यांना होतो, त्यांच्या बाबतीत निदानाची अशी तपासणी नाही. वास झाकून केलेल्या प्रयोगांत अशा व्यक्तींना रसायन कोणते आणि साधी हवा कोणती हे खात्रीने ओळखता आले नाही, असेही त्यांनी सांगितले. मात्र म्हणून त्यांचा त्रास खोटा ठरत नाही आणि त्यांना हिणवण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही, हे त्यांनी आवर्जून म्हटले.

मी व्यवस्थापनाला पत्र लिहिले तेव्हा ‘मला वास सहन होत नाही’ असे न लिहिता, फवाऱ्याची वेळ आणि माझ्या यंत्रावरचा आकडा असा दोन आठवड्यांचा तक्ता जोडला. आमच्या मजल्यावरचा फवारा बंद झाला. घरी देवापुढे आता तुपाचे निरांजन लावतो, उदबत्ती नाही. रंगकाम दिवाळीपूर्वी न काढता खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतो.

प्रतिसाद: गृहिणी, धनकवडी

माझा त्रास त्वचेचा आहे. लग्नात हातावर काळी मेंदी काढली आणि नक्षीच्या रेघांवर तंतोतंत फोड आले. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतो. तो चटकन काळा यावा म्हणून तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन मिसळतात. आता मला कोणताच गडद कलप चालत नाही. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी पाहण्याची जी तपासणी असते, तीत निकेलही निघाले, म्हणून तुळशीबागेतली खोटी कर्णफुले बंद केली. टिकलीच्या चिकट गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, हेही मला त्वचारोगतज्ज्ञांकडूनच कळले. कुंकू लावणाऱ्या माझ्या आईला तसा डाग कधी पडला नाही.

माझ्या वडिलांना गाजर गवताने चेहऱ्यावर आणि मानेवर इसब होत असे. या परदेशी गवताची भारतातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, असे वाचले तेव्हा मला विलक्षण वाटले. काँग्रेस गवत म्हणून आपण ज्याला ओळखतो ते हेच. सोसायटीने ते उपटताना हातमोजे घालावेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि फुलोरा येण्याआधीच उपटावे.

प्रतिसाद: बँक कर्मचारी, चिंचवड

मला गव्हाची ॲलर्जी आहे. पोळी सोडली, पाव सोडला, तरी आमटीनेही त्रास होई. कारण निघाले बांधानी हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असल्यामुळे त्यात मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळून विकतात. डबीवरचे बारीक अक्षर वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग आणला आणि तेव्हापासून फोडणीची भीती गेली.

प्रतिसाद: आहारतज्ज्ञ, एरंडवणे

बारीक अक्षराचा विषय निघाला म्हणून थोडी भर घालते. २०२० च्या वेष्टन-लेखन नियमांनुसार वेष्टित पदार्थांवर ग्लुटेन असलेली धान्ये, कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडे), दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे (काजू, बदाम), सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन) यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. या यादीत तीळ नाही, मोहरी नाही आणि हरभराही नाही. आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ, रोजच्या फोडणीत मोहरी आणि प्रत्येक फरसाणात बेसन असताना ही उणीव फार मोठी आहे असे मला वाटते. या तिघांपैकी कशाचीही ॲलर्जी असेल, तर ठळक ओळीवर विसंबून न राहता घटकांची संपूर्ण यादी वाचावी. ‘मसाले’ एवढेच लिहिलेले असेल तर तो पदार्थ परत ठेवावा.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ॲलर्जीकारक घटकांची माहिती दाखवणे अपेक्षित आहे, तेव्हा तिथे ती निःसंकोच मागावी. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीला हा नियम लागू नाही. तिथे भाजणारा आणि वाढणारा एकच माणूस समोर असतो, त्याच्याशीच बोलावे.

दम्याच्या रुग्णांनी पिवळाधमक गूळ टाळावा. तो रंग उजळण्यासाठी गुऱ्हाळात हायड्रॉस नावाचा रासायनिक पदार्थ वापरला जाऊ शकतो, त्यातून सल्फाइट उरते आणि काहींचा दमा उसळतो.

प्रतिसाद: एक आई, सिंहगड रस्ता

जिन्यात थांबवणारी ती मीच. सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या सासूबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवले. ‘पित्त’ हा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि आज दुपारी घरातले दाणे शेजारी देऊन टाकले. आता एकच काळजी उरली आहे. गणपतीत सोसायटीचा महाप्रसाद असतो आणि आरतीनंतर खिरापत थेट मुलांच्या तळहातावर ठेवली जाते. मुलीला खाली न नेणे हा उपाय मला नको आहे.

धागाकर्ती

तो उपाय मलाही कधी मान्य झाला नाही. आमच्या समितीशी मी कालच बोलले, आणि पुढील तीन गोष्टी ठरल्या आहेत. आचाऱ्यांकडून दोन्ही मुलांची ताटे कोशिंबिरीत कूट पडण्यापूर्वी, पहिल्या घाण्यातल्या पुऱ्यांसह काढून झाकून ठेवली जातील. खिरापतीचा वाडगा त्या दोघांपुरता घरून जाईल, खोबरे, खारीक आणि खडीसाखर एवढाच, कारण सुकामेवा सुटा आणला तर त्यात शेंगदाण्याचे तुकडे मिसळलेले असू शकतात. मंडपाच्या तोंडाशी प्रत्येक पदार्थात कूट, तीळ, काजू, गहू, दूध यांपैकी काय आहे त्याची पाटी लागेल. हिंजवडीच्या ताईंचा प्रतिसाद वाचून धूपही मंडपाबाहेरच ठेवण्याची विनंती केली आहे.

पाटीचा मसुदा उद्या संध्याकाळी इथे टाकते. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, पुरी, कोशिंबीर आणि जिलेबी असा बेत आहे. चिंचवडच्या दादांनी हिंगाचे आणि एरंडवण्याच्या ताईंनी मोहरीचे पाहून घ्यावे, म्हणजे छापायला देण्यापूर्वी दुरुस्ती करता येईल.